तात्यांची उपरती

डोक्याला मार लागून आलेल्या माणसाला आमच्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जायचा तो म्हणजे, काल रात्री काय जेवलास? नवखा माणूस यावर भांबावून जायचा. कपाळावरून रक्त ओघळतंय आणि ही बाई भाजी कसली होती ते विचारतेय, म्हणजे एक तर हिला वेड लागलंय किंवा आपल्याला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मी दटावून उत्तर काढून घ्यायचे. "पिठलं" असं उत्तर झटकन आलं की मला हायसं वाटायचं. "भाजी... भाजीच होती की हो," असं घुटमळत आलं की मी डॉक्टरांना हाक मारायचे.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीच्या माळावर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता, आणि मी मिरजेहून नर्सिंग शिकून तिथल्या दवाखान्यात लागले होते. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि व्हरांड्यात एक लांबलचक बाक. माणसं दोन, डॉक्टर आणि मी. डॉक्टर पुण्याचे, तरुण, फार हुशार आणि फार लाजाळू. बोलायचे ते थेट पुस्तकातलं. "आपल्याला मळमळ जाणवते का?" असं त्यांनी विचारलं की समोरचा गडी माझ्याकडे बघायचा, आणि मी "वकारी येती का रं?" असं भाषांतर करून द्यायचे. नर्स आणि दुभाषी अशा दोन नोकऱ्या मी एका पगारात केल्या.

कामगार बहुतेक आसपासच्या गावांतले. कालपरवापर्यंत नांगरामागे चालणारे, आज एकदम परांचीवर, यंत्रांवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे सायकलवर चढलेले. यंत्रांनी फोडली नसतील इतकी डोकी त्या काळात सायकलींनी फोडली. थोराड बाप्ये मुंबई-पुणे रस्त्यावर सायकल शिकायचे, आणि समोरून ट्रक आला की हँडल सोडून दोन्ही हात जोडायचे. आमच्याकडे पोचेपर्यंत जखमेत हळद, चहाची पूड, तंबाखू, जे हाताला लागेल ते भरलेलं असायचं. जखम धुण्याआधी मला त्यातलं स्वयंपाकघर धुवून काढावं लागायचं.

पण जखमेचं मला कधी भय वाटलं नाही. डोक्याची कातडी फुटली की रक्त धो धो येतं, बायाबापड्या किंचाळतात, आणि चार टाक्यांत काम भागतं. भय वाटायचं ते बाहेर एक थेंब न दिसणाऱ्या माराचं. कवटीच्या आत मेंदूभोवती रक्त साचायला लागलं तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. हाड काही फुगत नाही, मग दबतो तो मेंदू. हे कधी घटकाभरात होतं, कधी महिना लावतं. आणि मधल्या वेळात माणूस चांगला हसतो, बोलतो, घरी जातो म्हणतो.

शंकर नावाचा एक हसतमुख गडी असाच फळीवरून पडला होता. उठला, कपडे झाडले, फळीलाच शिवी दिली, चहा प्यायला. डॉक्टर थांब म्हणाले तर म्हणाला, म्हशीचं दूध काढायचं राहील. सायकलवर टांग मारून गेला आणि वाटेत ओढ्यापाशी कोसळला तो पुन्हा उठलाच नाही. मला आजही त्याचं ते फळीला शिवी देणं आठवलं की जीव तुटतो.

त्यानंतर डॉक्टरांनी बाकाचा नियम काढला. डोक्याला टेंगूळ जरी आलं तरी शिफ्ट सुटेपर्यंत बाकावर बसायचं. मी अधूनमधून जाऊन डोळ्यांत बॅटरी मारायचे, प्रश्न विचारायचे, हातपाय हलवून बघायचे. उत्तरं मंदावली की कारखान्याची व्हॅन थेट पुण्याला. नियम चांगलाच होता, पण बसून पगार मिळतो हे कळल्यावर कारखान्यात टेंगळांची साथ आली. एकाला मी टेंगूळ दाखव म्हटलं तर तो बराच वेळ स्वतःच्याच डोक्यावर ते शोधत बसला.

या बाकावर मजा यायची ती बायकोचं नाव विचारल्यावर. डॉक्टरांच्या यादीत तो प्रश्न होता आणि मी किती सांगितलं तरी त्यांनी तो काढला नाही. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे गड्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. गप्प बसला की डॉक्टरांना वाटायचं वाचा गेली. शेवटी एकानं हात जोडून, डोळे मिटून, चांगला लांबलचक उखाणा घेऊन नाव सांगितलं. व्हरांड्यातल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर म्हणाले, स्मृती उत्तम आहे, यमकही जुळतंय, याला जाऊ द्या.

बाकावर एकदाही न बसलेला आमचा सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे चिखलीचे तात्या.

तात्यांचा मुलगा श्रीपती आमच्या कारखान्यात होता. सरळ, कष्टाळू पोरगा. बापाचं नाव निघालं की नुसता हसायचा, कारण तात्यांची कीर्ती पिंपरीपर्यंत पोचलेली होती. चिखलीत सकाळी कोंबडा आरवायच्या आधी तात्या आरवतात असं म्हणत. बैलाला, विहिरीला, उन्हाला, शेजारच्या गणपतला आणि घरात बायकोला, यमुनाकाकीला, सगळ्यांना एकाच सुरात आणि एकाच शब्दकोशातून. गणपतशी अंगणालगतच्या बांधावरच्या एका बाभळीवरून वैर होतं. ते वैर बाभळीपेक्षा उंच वाढलं होतं.

एकदा श्रीपती बोटाचं गळू दाखवायला आला. मी गळू कापत होते आणि कळ विसरावी म्हणून घरचं विचारत होते. तर याचा चेहरा उजळला. म्हणाला, आमच्या तात्यांना उपरती झालीय बाई. शिवी म्हणून तोंडातून निघत नाही. गणपतनं बांधावरची बाभूळ तोडली तर म्हणाले, तोडू दे, झाडालाबी कदी तरी जायाचंच हाय. गावात लोक दर्शनाला येतात. भजनी मंडळींनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलंय. तिथं तर ते डोळे मिटतात ते भजन संपलं तरी उघडत नाहीत. सगळे म्हणतात, समाधी लागते.

मी सुरी खाली ठेवली. डोकं दुखतं म्हणतात का, विचारलं. तर अधूनमधून फेट्यावरून हात फिरवतात म्हणाला. चालताना? डाव्या पायातली वहाण फरफटते, पण आता वय झालं की बाई. त्याआधी कुठे पडलेबिडले होते? पडले नव्हते. दीडेक महिन्यापूर्वी गोठ्यातून तावातावानं बाहेर येताना चौकटीची तुळई डोक्याला लागली होती. त्या दिवशी तुळईला इतक्या शिव्या दिल्या की म्हैस पान्हा चोरून बसली. मग गडी ठणठणीत. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी देवमाणूस व्हायला लागले.

मी डॉक्टरांना आत जाऊन सांगितलं तेव्हा ते लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. मला म्हणाले, माणूस चांगला व्हायला लागला की आपण काळजी करायची, हा आपला व्यवसाय किती विचित्र आहे नाही? एवढं म्हणून त्यांनी व्हॅन काढायला सांगितली.

चिखली तेव्हा खरंखुरं गाव होतं. आजच्यासारखी वर्कशॉपं नव्हती, व्हॅन पाहून कुत्री भुंकत मागे धावायची. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. समोर कुणीतरी दोन केळी आणि नारळ ठेवलेला. डॉक्टरांनी वाकून नमस्कार केला तर तात्यांनी त्यांना आशीर्वाद दिला. डोकं तपासायचं म्हणून मी फेटा काढायला सांगितलं, आणि तेवढ्यापुरता जुना तात्या कुठूनतरी जागा झाला. दोन्ही हातांनी फेटा धरून बसले. आमच्याकडे जुन्या माणसानं चारचौघांत डोकं उघडं टाकायचं ते फक्त मयताला. शेवटी बाज भिंतीकडे वळवली, दोन घोंगड्यांचा आडोसा केला, तेव्हा कुठे फेटा सुटला. डोक्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण डावा हात वर धरायला सांगितला की हळूहळू खाली यायचा, आणि एकीकडून प्रश्न विचारेपर्यंत दुसरीकडे तात्या पेंगायचे.

डॉक्टरांनी श्रीपतीला आणि जमलेल्या मंडळींना समजावून सांगायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात 'आवरण', 'रक्तवाहिनी' आणि 'दाब' आले, तशी मी समोरचा नारळ उचलला. करवंटी म्हणजे कवटी, आतलं खोबरं म्हणजे मेंदू. म्हातारपणी खोबरं सुकून करवंटीपासून जरा सुटतं, तसा मेंदूही थोडा आकसतो. मग मेंदूपासून वरच्या पडद्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. बाहेरून दणका बसला की एखादी शीर तुटते आणि थेंब थेंब झिरपत राहते. तसं रक्त साचलंय. त्यानं मेंदू दबलाय, म्हणून तात्या गप्प आहेत. आणखी साचलं तर एक दिवस झोपतील ते उठणार नाहीत. पुण्याला मोठ्या दवाखान्यात कवटीला भोकं पाडून ते काढतात, मग माणूस पूर्वीसारखा होतो.

"पूर्वीसारखा?" गर्दीतून कुणीतरी घाबरून विचारलं.

मी हो म्हटलं, तशी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बाभूळ तोडलेला गणपत तर हळूच मागच्या मागे सटकला. श्रीपती म्हणाला, आईला विचारतो.

यमुनाकाकी चुलीपुढं होती. मी तिच्याशेजारी पाट ओढून बसले. तिनं माझ्याकडे न बघता भाकरी थापणं चालू ठेवलं. सगळं ऐकलं होतं तिनं. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "बाई, लगीन झाल्यापासनं ह्या मानसानं मला कदी इचारलं न्हाई, जेवलीस का म्हनून. ह्या म्हैन्यात रोज इचारत्यात. आन् तुमी म्हनता त्यो रोग हाय."

खोटं काय सांगणार होते? हो, रोगच होता.

ती पुढे म्हणाली, आणखी थोडे दिवस राहू द्या. श्रीपतीची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, ती येईस्तोवर. एवढीच तर मागतेय. मी तिला शंकरची गोष्ट सांगितली. तरी ती नाहीच म्हणाली. आणि तिच्यावर रागवायचं मला जमेना.

चहा झाला होता. ती कप घेऊन तात्यांकडे गेली, मी मागोमाग. तात्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला, भुरका मारला, आणि फार गोड हसून तिला म्हणाले, "लई उपकार झालं, बाई. जेवला का तुमी? तुमचं गाव कंचं म्हनायचं?"

काकी उभीच राहिली. अंगणातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, लोकांना ते संतवचन वाटलं असावं. पण तिच्या तोंडाकडे मी बघत होते. तो प्रश्न रोज कुणाला विचारला जात होता ते तिला त्या क्षणी कळलं. आल्या-गेल्या पाहुणीला विचारावं तसं तो माणूस तिला विचारत होता.

तिनं पदर खोचला. मला म्हणाली, "न्या त्यास्नी. आत्ताच्या आत्ता न्या."

पुण्याला पोचलो. तिथल्या सर्जननी तपासलं, फोटो काढले, आणि आमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर ठरवलं. डॉक्टर लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. आता फक्त डोकं भादरायचं होतं. मी म्हटलं, सुटलो. मला काय ठाऊक, खरी लढाई तिथेच होती.

न्हावी वाटी घेऊन जवळ आला तसे तात्या डोळे उघडून त्याचं मनगट धरून बसले. अर्धवट झोपेतला माणूस, डावा हात लुळा, पण उजव्या हाताची पकड नांगर धरणाऱ्याची होती. "बाप माजा कवाच मेलाय," म्हणाले, "आता कुनासाटी भादरता?" न्हावी गयावया करायला लागला. आमच्याकडे आई-बाप गेल्याशिवाय माणूस मुंडण करत नाही, आणि बायको-मुलं, घरदार सगळं विसरलेले तात्या एवढं मात्र विसरले नव्हते.

श्रीपतीनं तोडगा काढला. बापाच्या पुढ्यात मांडी घालून बसला आणि न्हाव्याला म्हणाला, आधी माझं काढा. ते बघितलं तर हे बसतील. पोराचे दाट, तेल लावलेले केस भराभर जमिनीवर पडले. तात्या बघत राहिले आणि त्यांची पकड सैलावली. न्हावी बिचारा खेड्यातलाच. डोकं केलं की मिशी करायची एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. श्रीपती बापाकडे बघत असताना त्यानं मिशीही उतरवून ठेवली. श्रीपतीला ते नंतर ओठावर हात गेल्यावर कळलं. तात्यांच्या मिशीवर मात्र मी पहारा ठेवला. शुद्धीवर आल्यावर त्यांना तोंड देण्याची माझी तयारी नव्हती.

मला ऑपरेशनच्या खोलीत कोपऱ्यात उभं राहू दिलं. तेव्हा भोक पाडायचं यंत्र हातानं फिरवायचं असायचं, थेट सुताराच्या सामत्यासारखं. पेशंट जागाच असतो, तेवढ्या जागेपुरतं बधिर करतात. हाडाला भोक पडलं, आतला पडदा कापला, आणि पातळ काकवीसारखं काळपट रक्त भळाभळा बाहेर आलं. किती दिवस कोंडून बसलं होतं कोण जाणे. सर्जन कोमट पाण्यानं धुवून काढत होते. मी तात्यांचा हात धरून उभी होते. थोड्या वेळानं तो हात हलला. डावा हात. मग ओठ हलले.

"कोन हाय रं त्यो?" तात्या म्हणाले. "ढोराचा डाक्तर हाय का? टकुऱ्यात का खिळा मारतुया तुजा बाप?"

पुढचं मी लिहू शकत नाही. दिवाळी अंक घरोघरी जातात. सर्जनच्या आईपासून सुरुवात झाली आणि त्यात कुणालाही वगळलं नाही. मास्कमधून सर्जन खदाखदा हसत होते. इतक्या शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

मी सांगायला बाहेर धावले तर यमुनाकाकी दाराशीच भिंतीला टेकून बसली होती. आवाज बाहेरपर्यंत येत होता. ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. मला म्हणाली, "आलं परत." एवढंच. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मलाही रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं श्रीपतीला घरी पाठवलं. म्हशीचं बघायचं होतं, आणि सकाळ-संध्याकाळ दूध काढायला कुणीतरी हवं होतं. पिंपरीला ठेवलेली सायकल काढून तो चिखलीला गेला. बाप वाचल्याच्या आनंदात आपलं डोकं आणि ओठ कसे दिसताहेत हे तो साफ विसरला होता. गावानं दुरून पाहिलं. पोरगा एकटा, चकाचक मुंडण, मिशी उतरवलेली. असल्या माणसाला काही विचारायचं नसतं. लोकांनी वाटेवरच माना खाली घातल्या, एकदोघांनी पागोटी काढली. श्रीपतीला वाटलं, आजारपणामुळे सगळे हळहळताहेत. त्यानंही मान लववली आणि थेट गोठ्यात गेला.

म्हशीचं आटपून अंगणात आला तर अर्धं गाव येऊन बसलेलं. कुणी बोलत नव्हतं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून घालतात, त्याला कडू घास म्हणतात. ती पाटी डोक्यावर घेऊन आला होता गणपत. बाभळीचा गणपत. डोळे सुजलेले. श्रीपती आदल्या दिवसापासून उपाशी. शेजारधर्म म्हणून आणलंय असं समजून तो बसला आणि पाचसहा भाकरी मोडल्या. वर कांदा मागितला. दुःखानं पोराची अन्नावरची शुद्ध गेली म्हणून म्हाताऱ्या हुंदके द्यायला लागल्या. एक म्हातारबाबा पाठीवर हात फिरवत म्हणाले की तिसऱ्या दिवशी राख सावडायला कुठं जमायचं ते सांग.

श्रीपतीच्या घशात भाकरी अडकली. ठसका ओसरल्यावर त्यानं सांगितलं की तात्या पुण्यात चहा थंड दिला म्हणून वॉर्डबॉयच्या अंगावर ओरडताहेत. मग गणपत मटकन खाली बसला आणि म्हणाला, "मंग मी पिठलं कुनाचं केलं?"

या सगळ्यात अपशकुन झाला की काय याचा गावाला घोर लागला. शेवटी म्हाताऱ्यांनी निवाडा दिला. जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. त्यावर कुणीतरी उसासा टाकला म्हणे. तो कुणाचा ते श्रीपतीनं मला कधी सांगितलं नाही.

तात्यांना घरी सोडायला व्हॅनमधून मी गेले होते. डोक्यावर बँडेज, बँडेजवर फेटा, फेट्याखाली मिशी शाबूत. वाटेत काकीनं त्यांना सारी हकिकत सांगितली. आपण महिनाभर सज्जन होतो हे त्यांना कबूल नव्हतं. लोकांनी बदनामी चालवलीय म्हणाले. अंगणात पोचल्यावर बाजेवर बसून त्यांनी मरणाची चौकशी सुरू केली. कोण आलं, कोण नाही, कोण रडलं, कुणी नुसतं नाक ओढलं. सख्ख्या भावकीतले तिघं फिरकलेच नव्हते. गणपतचं नाव निघालं तेव्हा सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या.

गणपत कुंपणाशी उभा होता, बाभळीच्या रिकाम्या जागेजवळ. तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग ओरडले, "पिठल्यात मीठ कमी हुतं म्हनं रं तुज्या." बाकीच्या शिव्या त्याला जोडूनच होत्या, पण बाभळीचा शब्द त्यांनी काढला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

गोष्ट इथे संपवली तर सगळे खूश होतील. सर्जन खूश होते, डॉक्टर खूश होते, श्रीपतीची मिशी परत उगवली. मी तर कितीतरी दिवस फुशारून फिरत होते. एक माणूस जाता जाता परत आणला होता आम्ही.

सुगी आटपल्यावर एकदा यमुनाकाकी दवाखान्यात आली. बैलगाडीतून बाजाराला निघाली होती, गाडीवर तात्या. फाटकाबाहेर गाडी थांबवून ती एकटीच आत आली. हरभऱ्याचे घाटे आणले होते. डॉक्टरांनी उठून खुर्ची दिली, ती खाली बसली. तात्या कसे आहेत विचारलं. अगदी पूर्वीसारखे, म्हणाली. डोकं दुखत नाही, पाय फरफटत नाही, आवाज तर तुम्ही इथूनही ऐकाल.

मग इकडे तिकडे बघून तिनं पदर सावरला आणि हळूच विचारलं, "बाई, रागावू नका. पर समदंच कशापायी काडलं? वाईच ठिवायचं हुतं की आत."

मला हसू आलं. तिच्याकडे बघितलं आणि हसू थांबलं. ती चेष्टा करत नव्हती. डॉक्टर फार गंभीरपणे म्हणाले, वैद्यकशास्त्रात तशी सोय नाही, काकी.

"नसंल," ती म्हणाली. "शास्तर बाप्यांनीच केलंय न्हवं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाहेरून तात्यांची हाक आली. हाकेत काकीच्या माहेरचा उद्धार होता, बैलांना ऊन लागत असल्याचं होतं, आणि बाईमाणसाला एकदा आत सोडलं की काय होतं तेही होतं. मी चटकन उठले. इतक्या वर्षांची सवय, कुणी ओरडलं की उठायचं.

काकी उठली नाही. मला म्हणाली, वाईच च्या टाका. मी चहा ठेवला. बाहेर तात्या बैलांना सांगत होते, बैल ऐकत होते. तिनं बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश चहा घेतला. संपल्यावर मला म्हणाली, आणखी अर्धा कप असला तर द्या.